दौरा संपवून घरी आल्यावर तुम्ही भावंडं विश्रांती कशी घेता?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच पाच आठवड्यांच्या दौऱ्यावर निघताय. शेवटच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी घरी सगळं गोत जमणार आहे, आणि तोवर एकमेकांचं तोंड बघायचीही इच्छा उरली नसेल अशी तुम्हाला धास्ती आहे. आधी ते जमणं पुढे ढकला. निदान चार दिवस. बाकीचं सांगतो.

ताई गाते, मी व्हायोलिन वाजवतो. पहिल्या दौऱ्यानंतर आम्ही हीच चूक केली होती. सकाळी घरी पोचलो, संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी म्हणालं, "आता एक तरी होऊन जाऊ दे." ताईचा घसा पार बसलेला, म्हणून ती सगळ्यांशी कुजबुजत बोलत होती. बाबांनी कौतुकानं पेटी उघडून व्हायोलिन माझ्या हातात दिलं. मी वाजवलं, कसंबसं. संपल्या संपल्या ताई भर बैठकीत म्हणाली, "शेवटी परत घाई केलीस. काल पण केली होतीस." त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशीला वाटलं आम्ही गंमत करतोय. ती एकटीच हसली.

नंतर लक्षात आलं, त्या क्षणी ती ताई नव्हतीच. दौऱ्यात ती माझी ताई नसते. मी कुठे उशिरा उचललं हे दाखवणारी सहकलाकार असते, आणि मी तिच्या दृष्टीनं हिशेब ठेवणारा, सामान हरवणारा माणूस. गाडी घराच्या दारात थांबली म्हणून ही नाती आपोआप बदलत नाहीत. माझ्या मते खरा थकवा तिथे असतो. संगीताचा नसतो.

म्हणून आता शेवटच्या मुक्कामीच सगळा हिशेब मिटवतो. पैशाचा आणि चुकांचाही. कुठे काय बिघडलं, कुणाला पुन्हा बोलवायचं, कुणाला नाही, हे एका वहीत लिहून वही बंद. घरी चार दिवस त्यातलं अवाक्षर काढायचं नाही. मी दोनदा नियम मोडलाय, ताईनं एकदा. (ती म्हणेल उलटं आहे.)

पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना टाळतो, उघडपणे. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. आईला सुरुवातीला हे भांडण वाटायचं, म्हणून तिला आधीच सांगून ठेवतो. तुम्हीही सांगा, नाहीतर घरचे समेट घडवायला येतात आणि मग खरंच भांडण होतं.

शरीराचं मात्र सावकाशच सुटतं. रात्री साडेनऊ वाजले की माझी बोटं चाळवतात, छाती धडधडते, कारण पाच आठवडे त्याच वेळेला रंगमंचावर उभं राहायची सवय लागलेली असते. झोप दोनपर्यंत येत नाही. मध्येच जाग आली की भिंत कुठे आणि दार कुठे तेच कळत नाही. झोपायचा हट्ट धरू नका, तीन-चार रात्रींत घडी बसते. दिवसाची झोप मात्र आवरा, नाहीतर हेच आठवडाभर चालतं.

कान तुम्ही विचारले नाहीत, पण सांगतो, कारण मी स्वतः बरीच वर्षं दुर्लक्ष केलं. सर्वसाधारण शिफारस अशी आहे की 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तासांपर्यंत चालतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. रंगमंचावर कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरशेजारी रोज दोन तास उभं राहणाऱ्यानं गणित करून बघावं. दौऱ्यानंतर कान थोडे बधिर वाटतात, शिट्टी वाजल्यासारखं होतं. ते बहुधा शांततेत ओसरतं, म्हणून पहिले दिवस हेडफोन नको, मोठ्यानं गाणी नकोत. दोन दिवसांत शिट्टी थांबली नाही तर डॉक्टरकडे जा. आणि पुढच्या वेळी इअरप्लग न्या. मी आता नेतो.

तुमच्यापैकी कुणी गात असेल तर त्या संध्याकाळची ताईची कुजबुज लक्षात ठेवा. कुजबुजणं म्हणजे गळ्याला आराम, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचा गळा कुजबुजताना उलट जास्त आवळला जातो. बोलायचं तर हळू पण नेहमीच्या आवाजात, नाहीतर सरळ गप्प. ताई पहिला दिवस पाटी-पेन्सिल घेऊन बसते. घरात तेवढीच शांतता, असं बाबा म्हणतात. तीही पाटीवर उत्तर देते.

व्हायोलिनला मी लगेच हात लावतो तो फक्त पुसायला. गजाला लावलेल्या राळेची भुकटी तशीच राहिली तर वार्निशवर चिकटून बसते. गजाचे केस सैल करतो. तारा मात्र सगळ्या एकदम सोडत नाही. चार तारांचा मिळून ताण 20-22 किलोच्या आसपास असतो, आणि त्याच दाबावर तारा उचलून धरणारी घोडी उभी असते. पोटातली लाकडी कांडीही चिकटवलेली नसते, नुसती अडकून उभी असते. ताण गेला की दोन्ही पडू शकतात. दौऱ्यात दमट हवेतून कोरड्या हवेत जाऊन लाकूड फुगतं, आकसतं, खुंट्या घसरायला लागतात, म्हणून आल्यावर ते एका जागी शांत ठेवायचं. 40 ते 60 टक्के आर्द्रता त्याला मानवते. थोडक्यात, त्यालाही पाहुण्यांसमोर लगेच उभं करू नका.

एकमेकांना विटण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. डॉन आणि फिल एव्हर्ली हे अमेरिकन गायक भाऊ, ज्यांच्या जुळलेल्या आवाजांनी पुढच्या कित्येक गायकांना वळण लावलं, ते 14 जुलै 1973 रोजी कॅलिफोर्नियात भर कार्यक्रमात फुटले. फिलनं गिटार फोडली आणि तो निघून गेला. पुन्हा एकत्र गायले ते 1983 च्या सप्टेंबरमध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. मी तालमीला उशिरा पोचलो की ताई म्हणते, "माझ्याकडे फोडायला गिटार नाही एवढंच."

मोझार्ट भावंडांचा दौरा तर जून 1763 ते नोव्हेंबर 1766, साडेतीन वर्षांचा. निघताना थोरली बहीण नानर्ल बाराव्या वर्षात आणि पुढे थोर संगीतकार झालेला वोल्फगांग सात वर्षांचा. वाटेत नेदरलँड्समधल्या हेगमध्ये दोघंही मरणाच्या दारातून परत आली. आईवडील बरोबरच होते, म्हणजे घरीही दौरा आणि दौऱ्यातही घर. त्यापेक्षा आपलं बरं! पुढे 1769 च्या अखेरीस वडील मुलाला घेऊन इटलीला निघाले तेव्हा नानर्ल मागे घरीच राहिली. त्या घरी राहण्याला विश्रांती म्हणवत नाही.

आता घरचे. त्यांना गोष्टी ऐकायच्या असतात आणि आपल्याकडे गोष्टी नसतात. रस्ता, ध्वनिपरीक्षण, मेकअपची खोली, परत रस्ता. "कसं झालं?" याला "छान" यापलीकडे उत्तर सुचत नाही आणि आईचा चेहरा पडतो. मला यावर एकच उपाय सापडलाय: तिच्याबरोबर काहीतरी काम करायचं. कपाट आवरताना, चादरींच्या घड्या घालताना माझ्या तोंडून आपोआप निघतं की एका गावी दिवे गेले आणि ताई अंधारात माईकशिवाय गात राहिली. समोरासमोर बसून ते कधीच निघालं नसतं. आजीचा प्रश्नच नाही. गेल्या वेळी ती दारातच म्हणाली, "बरं झालं आलास, वरच्या खोलीतला दिवा गेलाय." पाच आठवडे लोक टाळ्या वाजवत होते, स्टुलावर चढून दिवा बदलताना मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

वाजवणं साधारण चौथ्या दिवशी सुरू होतं, आणि ते ठरवून करू नका. ताई कपडे वाळत घालताना गुणगुणायला लागते, कार्यक्रमातलं नसलेलं काहीतरी, शब्द अर्धवट. मी आतून तिच्यामागे वाजवत जातो. उतरलेल्या तारेवर ती ओरडते, मी तसंच पुढे रेटतो. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवत नाहीत, पण पानही उलटत नाहीत. नातेवाईकांना त्यानंतर बोलवा.

आणि हो, परतीची तिकिटं शेजारशेजारची काढू नका.