‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटात नामवंत चेहऱ्यांमुळे गाण्याचा आशय झाकोळला गेला का?

नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काही हरवले असेल, तर ते गाण्याला मिळालेल्या अपुऱ्या वेळामुळे हरवले. त्याचा दोष नटांच्या लोकप्रियतेकडे जात नाही.

पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांमधील वैर, आणि खाँसाहेबांची विद्या चोरून मिळवणारा सदाशिव, अशी ही कथा आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांची भूमिका करणारे आणि त्यांची पदे गाणारे वसंतराव देशपांडे हे एकच होते. २०१५ च्या चित्रपटात मात्र खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा आहे, तर सदाशिवाचा चेहरा दिग्दर्शक सुबोध भावे यांचा आणि गळा महेश काळे यांचा आहे. चेहरा आणि गळा असे वेगळे झाल्यावर पात्र दुभंगेल, अशी भीती मलाही वाटली होती. परंतु हे दोन्ही गायक केवळ पार्श्वगायनासाठी बोलावलेले नव्हते. नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा याच दोघांनी अनुक्रमे खाँसाहेब आणि सदाशिव साकारले होते. राहुल हे वसंतरावांचे नातू, आणि महेश हे नाटकाचे संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी यांचे शिष्य. त्यामुळे पडद्यावरचा चेहरा कोणाचाही असला, तरी त्यामागचा आवाज त्या भूमिकेत राहून आलेला आहे. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मला म्हणूनच सर्वस्वी योग्य वाटतो.

द्रुत तानांच्या, म्हणजे वेगाने गायलेल्या स्वरमालांच्या वेळी नटाच्या चेहऱ्यावर दमसासाचा ताण पुरेसा दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. शंकर महादेवन यांच्याबाबत ही अडचण येत नाही. अभिनयाचा अनुभव नसूनही त्यांचे पंडितजी खरे वाटतात, कारण गाणारा गळा आणि दिसणारा चेहरा तिथे एकच आहे. पुढे पंडितजींचा आवाज जातो, तेव्हा त्यांचे मौन अंगावर येते, ते आपण तो आवाज आधी मनसोक्त ऐकलेला असतो म्हणून.

आता वेळाविषयी. अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाला दोन चाली दिल्या, एक पंडितजींच्या गायकीची आणि दुसरी खाँसाहेबांच्या गायकीची. दोन घराण्यांतला भेद त्यांनी संवादांवर न सोपवता थेट श्रोत्याच्या कानावर घातला, आणि माझ्या दृष्टीने या कलाकृतीचा गाभा तोच आहे. असा भेद उमगण्यासाठी पद सावकाश फुलावे लागते, रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने विस्तार, व्हावी लागते. नाट्यगृहात ‘वन्स मोअर’ येत असे आणि पदाची मैफल होत असे. चित्रपटाचा पूर्वार्ध दोन गायकांमधील वैर उभे करण्यातच बराचसा खर्ची पडतो, आणि सदाशिव चोरून विद्या मिळवतो त्या काळाच्या वाट्याला फारच थोडे येते. तो नेमके काय ऐकतो आणि त्याची स्वतःची गायकी त्यामुळे कशी बदलत जाते, हे मला आणखी पंधरा मिनिटे तरी ऐकायला हवे होते.