ईदला हैदराबादी घरी जाताना कोणती उर्दू शिकावी? तिथली उर्दू खरंच बिघडलेली असते का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. ऑनलाइन उर्दू शिकताय, यंदा रमजान ईदला हैदराबादच्या मित्राकडे राहायला जाणार आहात, तर सणाचे कोणते शब्द पाठ करावेत, हा पहिला. आणि क्लासच्या सरांनी सांगितलंय की हैदराबादची उर्दू अशुद्ध, तिथे फार बोललात तर जीभ बिघडेल, हे खरं का, हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे साफ खोटं आहे. गोवळकोंड्याच्या ज्या मुहम्मद कुली कुतुबशहाने 1591 मध्ये हैदराबाद वसवलं, त्याला उर्दूचा पहिला साहिब-ए-दीवान, म्हणजे स्वतःचा काव्यसंग्रह असलेला, शायर मानतात, आणि त्याने ईद, शब-ए-बरात, बसंत, मृगाचा पाऊस या सगळ्यांवर कविता लिहिल्या त्या दखनीत, म्हणजे दख्खनच्या याच उर्दूत. दिल्लीचे शायर तेव्हा फारसीत लिहीत होते. आपल्या मराठवाड्याशी नातं असलेला शायर वली दखनी 1700 मध्ये दिल्लीला गेला, त्यानंतर तिथल्या मंडळींना या भाषेत गझल लिहायचा उत्साह चढला. म्हणजे सणाची उर्दू शिकायची तर तुम्ही अगदी योग्य गावी चालला आहात.

माझा जन्म हैदराबादच्या जुन्या शहरातला, दबीरपुऱ्याच्या अलीकडच्या एका गल्लीतला. आजोबा मूळचे परभणीकडचे. निजामाच्या राज्यात शिकायचं तर उर्दूतूनच. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, तिथे डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत. आजोबा घरचा हिशेब मोडीत ठेवत आणि सरकारी अर्ज उर्दूत लिहीत. आमच्या भिंतीला भिंत लागून एक शिया कुटुंब होतं. त्या घरच्या बाईंना आम्ही सगळी पोरं खालाजान, म्हणजे मावशी, म्हणायचो. माझी सणाची उर्दू त्यांच्या दालनात बसून झालेली आहे.

एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी गच्चीवर सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. गल्लीतून एकच प्रश्न फिरायचा, 'चांद हुआ क्या?' दिसला तर उनतीस का चांद, नाही तर दुसऱ्या दिवशी तीस का. चंद्र दिसल्याबरोबर म्हणायचं 'चांद मुबारक'. ईद मुबारक दुसऱ्या दिवशी. ही रात्र म्हणजे चांदरात. पुरुषमंडळी अत्तर, टोपी, सुरमा आणायला पत्थरगट्टीकडे, मुली लाखेच्या बांगड्यांसाठी लाड बाजारात, आणि आम्ही काही जणी खालाजानच्या दालनात सरोता घेऊन. सरोता म्हणजे आपला अडकित्ता. शीरखुर्म्याच्या खारका आधी भिजवून ठेवलेल्या असत. त्यांच्या बिया काढून सरोत्याने लांब, पातळ कातरायच्या. खालाजान एक कातरी उचलून दिव्यासमोर धरत, जाड वाटली की माझ्याच हातात परत देत. मग खारका, चारोळी, बदाम, पिस्ते तुपात परतायचे, दूध आटवायचं, आणि भाजलेल्या शेवया अगदी शेवटी घालायच्या, कारण शेवया आधी पडल्या तर सकाळपर्यंत सगळ्याची खीर होते. नावातच शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर आहे, शेवयांचा मान तिसरा. हे तुमच्या मित्राच्या अम्मींसमोर बोललात तर त्या तुम्हाला दुसरा वाडगा देतील.

आता ज्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. माझे थोरले दीर दिल्लीत वाढले. तिथे त्यांनी उर्दूचा रीतसर अभ्यास केला. उच्चार उत्तम, अक्षर तर इतकं सुरेख की बघत राहावं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला मी माहेरी आले तेव्हा तेही कामानिमित्त हैदराबादला होते, म्हणून त्यांना खालाजानकडे घेऊन गेले. दस्तरख्वान, म्हणजे जेवणासाठी अंथरायची चादर, मांडलेलं. खालाजानची नात, सातआठ वर्षांची, नवा गरारा घातलेली, दोन्ही हातांत शीरखुर्म्याचा वाडगा धरून त्यांच्यासमोर आली. भावजी म्हणाले, 'बस, शुक्रिया.' ती म्हणाली, 'नक्को मत बोलो अंकल, दादीमां आपके वास्ते इच बनाए.'

भावजींनी वाडगा घेतला नाही. तिला समजावू लागले, 'नक्को' कोई लफ्ज नहीं, 'बनाए' नहीं 'बनाया है', और ये 'इच' क्या होता है? मुलगी आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की हे चुका काढतायत. तिने वाडगा दस्तरख्वानावर ठेवला आणि आजीच्या पाठीमागे जाऊन बसली. खालाजान म्हणाल्या, 'बच्ची है मियां, सीख जाएगी,' आणि दुपट्ट्याच्या गाठीतून नोट काढून भावजींच्या हातावर ईदी ठेवली. ईदी मोठ्यांनी लहानांना द्यायची असते. एवढा मान त्या पाहुण्याला देत होत्या.

परतताना ऑटोत आमचं जे भांडण झालं ते आजही कुटुंबात कुठल्याही लग्नकार्यात पुन्हा निघतं. त्यांचं म्हणणं, भाषेला एक प्रमाण हवं, नाही तर अराजक. माझं म्हणणं, ज्या घरी जेवायला बसलो त्या घरची भाषा तीच प्रमाण. शिवाय 'नक्को' आपलाच 'नको' आहे आणि 'इच' आपलाच 'च'. मराठी माणसाने तर दखनी ऐकून हरखून जायला हवं. दिल्लीकडे चूक ठरते म्हणून मराठी घरातले लोकही तिला नाक मुरडतात, याचा मला संताप येतो.

पुढे मोहरम आला. भावजींनी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात खालाजानना पत्र पाठवलं, 'मुहर्रम मुबारक'. त्या घरात मोहरमचा चंद्र दिसला की बायका बांगड्या उतरवतात, काळे कपडे घालतात, सोफे हलवून मजलिसीसाठी जाजम अंथरतात. करबल्यात पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे साथी मारले गेले त्याचं हे दुःख, आणि ते दोन महिने आठ दिवस पाळलं जातं. मी भेटायला गेले तेव्हा खालाजाननी पत्र दाखवलं आणि म्हणाल्या, 'लिखावट बहुत अच्छी है.' दुसरं काही बोलल्या नाहीत. नुक्ता, म्हणजे अक्षराचा टिंब, कुठे द्यायचा हे बिनचूक येणाऱ्या माणसाला मुबारक कुठे म्हणायचं नाही हे कोणी शिकवलं नव्हतं. क्लास असंच शिकवत असेल तर तो क्लास अपुरा आहे, हे तुमच्या सरांना माझ्याकडून सांगा.

मोहरमचेही शब्द शिका, कारण ते यादीत कधीच नसतात. मजलिस म्हणजे शोकसभा, तिथे मर्सिया आणि नौहा ही शोकगीतं वाचतात, मातम करतात, म्हणजे छाती पिटून शोक करतात. लखनौला ज्याला इमामबाडा म्हणतात त्याला दखनेत आशूरखाना म्हणतात. चारमिनारजवळचा बादशाही आशूरखाना कुली कुतुबशहाच्याच काळातला, त्याच्या रंगीत फरशा जरूर बघून या. दबीरपुऱ्यातल्या बीबी का अलावा मधून दहाव्या दिवशी अलम, म्हणजे करबल्याच्या आठवणीचं निशाण, हत्तीवरून निघतो, बघायला सगळ्या धर्मांचे लोक रस्त्याच्या कडेला उभे असतात. आणि बांगड्या काढण्याला 'चूडियां ठंडी करना' म्हणतात, फोडणं असा शब्द तोंडात आणत नाहीत. जेवण झाल्यावर दस्तरख्वानही उचलत नाहीत, 'बढाते' हैं. आपण नारळ वाढवतो, बांगडी वाढली म्हणतो, तसंच. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच मला वाटतं आपण ही भाषा लवकर शिकतो.

एका ठिकाणी मात्र मराठीच आडवी येते. आपण उपास सोडतो, म्हणून आपल्या तोंडी 'मैंने रोजा छोड दिया' येतं. उर्दूत त्याचा अर्थ, रोजा धरलाच नाही. 'तोड दिया' त्याहून वाईट, म्हणजे वेळेआधी मोडला. म्हणायचं 'रोजा खोलना' किंवा 'इफ्तार करना', आणि धरण्याला 'रखना'. पहाटेचं खाणं सहरी, रात्रीची जादा नमाज तरावीह, रमजानचा शेवटचा शुक्रवार जुमअतुल विदा, त्या दिवशी हैदराबादच्या मक्का मशिदीच्या बाहेर रस्त्यापर्यंत रांगा असतात. ईदच्या नमाजाआधी गरिबांसाठी द्यायचा तो फितरा, आणि बचतीवर वर्षाला अडीच टक्के ती जकात. हलीमबद्दल तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच, 2010 साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्याचंही सांगतील, ऐकून घ्या आणि खा.

रमजान म्हणावं की रमादान, खुदा हाफिज की अल्लाह हाफिज, या वादात पाहुण्याने पडू नये. यजमान जे म्हणतील ते आपण म्हणावं. 'ईद मुबारक'ला उत्तर 'आपको भी मुबारक'. बकरी ईदचे, शब-ए-बरातचे शब्द पुढच्या वेळी शिका. हिजरी चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहाअकरा दिवसांनी लहान असल्याने हे सगळे सण दर वर्षी अलीकडे सरकतात, तेव्हा कॅलेंडर बघूनच तिकीट काढा आणि चंद्रासाठी एक दिवस हाताशी ठेवा.

काही गोष्टी नीट सांगायला हव्यात. मी एका शिया घरातलं सांगितलं. अनेक सुन्नी घरांत मोहरमच्या पहिल्या तारखेला हिजरी नववर्षाच्या शुभेच्छा देतातही, त्यामुळे घर ओळखल्याशिवाय तोंड उघडू नका. परीक्षेत किंवा अर्जात दखनी लिहू नका, तिथे तुमच्या सरांचंच ऐका. आणि तुम्ही स्वतः मुद्दाम 'हौ' (म्हणजे हो), 'नक्को' करत बोलू नका, परक्याच्या तोंडी ती नक्कल वाटते, लोक दुखावतात. तुम्हाला येते ती उर्दू बोला, त्यांची कान देऊन ऐका.

शाकाहारी असाल तर मित्राला आठवडाभर आधी सांगा, ऐन दस्तरख्वानावर सांगू नका. सकाळी नमाजाच्या गडबडीत जाऊ नका, पुरुष ईदगाहहून परत आले की जा. पुरुषांशी गळाभेट घ्या, ते करतील तितक्या वेळा. बायकांना थोडं वाकून आदाब करा. घरात लहान मुलं असली तर ईदीसाठी कोऱ्या नोटा खिशात ठेवा, आणि एखादं पोर 'इच' म्हणालं तर त्याला 'शाबाश' म्हणून ईदी द्या.