पुण्यात राज्यशास्त्र शिकायचं तर आधी विभाग बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक इंदापूरची, बारावी कला शाखेतून मराठी माध्यमात चांगल्या गुणांनी पास झालेली, राज्यशास्त्राची मनापासून आवड असलेली. तिला पुण्यात बी.ए.ला घालायचं आहे आणि घरात दोन मतं आहेत. तिचे बाबा म्हणतात, काही झालं तरी फर्ग्युसनच. मामा म्हणतो, कॉलेज कुठलंही चालेल, पैसे स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी राखून ठेवा. मला दोन्ही मतं पटत नाहीत. माझं एम.ए. पुणे विद्यापीठात याच विषयात झालं आणि त्यानंतरही हा विषय शिकणाऱ्या मुलामुलींशी संबंध सुटला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉलेजचं नाव सगळ्या कॉलेजचं असतं, राज्यशास्त्राच्या विभागाचं नसतं. फर्ग्युसन १८८५चं, एस.पी. १९१६चं. दोन्हींची पुण्याई मोठी आहे आणि दोन्हीकडे राज्यशास्त्र आहे. शिवाजीनगरच्या मॉडर्नमध्येही आहे. पण विज्ञानाची प्रयोगशाळा उत्तम आहे म्हणून राज्यशास्त्र उत्तम असेल असं होत नाही. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची, क्रमवारी दाखवून लोक वाद घालतात, पण त्यात 'महाविद्यालये' या गटात अख्खं कॉलेज मोजलेलं असतं. राज्यशास्त्राची वेगळी यादी त्यात नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या श्रेणीचंही तेच.

म्हणून विभागात जा. पहिला प्रश्न विचारा की पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत. महाराष्ट्रात कित्येक अनुदानित कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, भागवले जातात. ही माणसं कमी दर्जाची नसतात, हे मुद्दाम सांगते. अनेकजण नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेले, पीएच.डी. केलेले असतात. पण एकाच दिवशी दोन-दोन कॉलेजांत तास घेत धावणाऱ्या आणि पुढच्या वर्षी इथे असू की नाही हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाकडून तासानंतर बसून मुलीचा निबंध तपासण्याची अपेक्षा कशी करायची? ज्या विभागात निदान दोन माणसं कायम आहेत, तिथे विषयाला घर असतं.

दुसरा प्रश्न नव्या शैक्षणिक धोरणामुळे आलाय. पूर्वी आपण 'स्पेशल' म्हणायचो, आता मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, असं आहे. काही ठिकाणी एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, राज्यशास्त्र मिळतं, पण मुलं कमी पडली की पुढे मेजर चालत नाही आणि मुलीला इतिहासाकडे किंवा मराठीकडे वळावं लागतं. टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, राज्यशास्त्र मेजरचा वर्ग गेल्या वर्षी प्रत्यक्ष भरला होता का, आणि चौथ्या वर्षाची ऑनर्सची सोय आहे का, हे स्पष्ट विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका, टीवायच्या दोन मुलांना गाठा. ती खरं सांगतात. फर्ग्युसनसारखी स्वायत्त कॉलेजं अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी विद्यापीठाचीच असते. तेव्हा तिथला अभ्यासक्रम वेगळा मिळवून वाचा.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. जमलं तर लेकीला एका तासाला मागच्या बाकावर बसू द्या, नाहीतर सरांना किंवा मॅडमना तिनेच एक प्रश्न विचारावा. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं शहर प्रशासकाच्या हातात होतं. राज्यघटनेच्या कलम २४३ यू मध्ये तर म्हटलंय की मुदत संपण्याआधीच नव्या निवडणुका पूर्ण झाल्या पाहिजेत. मग हे घडलं कसं? या एका प्रश्नात चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती येते, ओबीसी आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयातला वाद येतो, प्रभागरचनेचा अधिकार कोणाकडे हा राज्य सरकार आणि निवडणूक आयोगामधला तिढा येतो, आणि नगरसेवक नसताना पाण्याची तक्रार घेऊन लोक कोणाकडे गेले हा साधा प्रश्नही येतो. ज्या विभागातल्या शिक्षकाचे डोळे हा प्रश्न ऐकून चमकतात आणि जो लगेच 'बस, बोलू' म्हणतो, तो विभाग घ्या. 'हे सिलॅबसमध्ये नाही' असं उत्तर आलं तर कॉलेजची इमारत कितीही देखणी असो, पुढे चला.

हे एवढं आग्रहाने सांगते, कारण पुण्यातल्या राज्यशास्त्राची खरी ताकद प्रत्यक्ष राजकारणाच्या अभ्यासात आहे. विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागात राजेंद्र व्होरा, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांनी शिकवलं. निवडणुका, जात, महाराष्ट्रातली सत्तेची रचना यांवर या मंडळींनी इंग्रजीत लिहिलं, तसंच मराठीतही लिहिलं. दिल्लीच्या सीएसडीएस या समाजविज्ञान संशोधन संस्थेचा 'लोकनीती' हा उपक्रम निवडणुकांच्या वेळी देशभर सर्वेक्षणं करतो आणि त्यात प्रश्नावली घेऊन घरोघरी जाणारे अनेकजण विद्यार्थीच असतात. मतदारयादीतून ठरावीक पद्धतीने नावं निवडलेली असतात, वाटेत जो भेटेल त्याला विचारून चालत नाही. मत कोणाला दिलं हे तोंडी विचारायचं नसतं, नमुना मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगायची असते. असं काम केलेली मुलगी टीव्हीवरच्या एक्झिट पोलकडे आयुष्यभर वेगळ्या नजरेने बघते. तेव्हा विचारा, तुमची मुलं कधी सर्वेक्षणाला, ग्रामसभेला, महापालिकेच्या सभेला गेली आहेत का? एखादा प्रकल्प-अहवाल दाखवा म्हणावं. अहवाल विकिपीडियावरून उतरवलेला आहे की मुलांनी माणसांशी बोलून लिहिलेला आहे, ते दोन पानांत कळतं.

माध्यमाची तुमची काळजी रास्त आहे, पण मराठीतून शिकली म्हणून ती मागे पडेल ही भीती सोडा. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बी.ए.ची उत्तरं मराठीत लिहिता येतात. यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीत देता येते. अडचण वाचनाची आहे. न्यायालयाचे निकाल, शोधनिबंध, नवी पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात. यावर माझा उपाय असा. संकल्पना मराठीत पक्क्या करायच्या, त्यासाठी व्होरा-पळशीकरांचा 'राज्यशास्त्र कोश' जवळ ठेवायचा. आणि पहिल्याच वर्षी एनसीईआरटीचं अकरावीचं घटनेवरचं पुस्तक इंग्रजीतून सावकाश वाचायचं. भाषा सोपी आहे, उदाहरणं आपल्या देशातली आहेत. त्यानंतर वर्तमानपत्राचं संपादकीय आणि मग शोधनिबंध. काही कॉलेजांत मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या वेगळ्या असतात. मराठी तुकडीला शिकवणारे कोण, हे न विसरता विचारा.

एक गल्लत नेहमी होते. गोखले इन्स्टिट्यूटच्या नावात 'पॉलिटिक्स' आहे म्हणून पालक तिथे चौकशी करतात. १९३०ची ही संस्था फार मोलाची, पण शिक्षण तिथे अर्थशास्त्राचं आहे. तिथलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय मात्र पुढे तिला उपयोगी पडेल, तसंच विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे नियम आधी विचारून घ्या. फ्लेम, सिंबायोसिस यांसारख्या खासगी विद्यापीठांत वर्ग लहान, वाचन भरपूर आणि माध्यम इंग्रजी. शिकवणं चांगलं असू शकतं, पण फी लाखांत जाते. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत त्यासाठी कर्ज काढू नका. त्यापेक्षा अनुदानित कॉलेजात बी.ए. आणि नंतर विद्यापीठाच्या विभागात एम.ए., ही वाट कमी खर्चाची आहे आणि विषयाच्या दृष्टीने अधिक भक्कमही.

मामांच्या मताबद्दल. यूपीएससीत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे, २५०चे दोन पेपर. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे स्वतःचा युक्तिवाद मांडत पानंच्या पानं लिहायची. ही सवय तीन वर्षं चांगल्या वर्गात बसूनच लागते. कॉलेजात नुसती हजेरी लावायची आणि दिवस सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढायचा, असं करणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. परीक्षेत यश नाही मिळालं की त्यांच्या हातात विषयही उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अठराव्या वर्षी तिला क्लासला घालू नका. टीवायनंतर तिला स्वतःला वाटलं तर बघता येईल.

राहण्याची सोय मात्र आत्ताच बघा, प्रवेशयादीची वाट बघत बसू नका. कॉलेजच्या वसतिगृहात मुलींच्या जागा थोड्या असतात. विद्यार्थी साहाय्यक समिती ही १९५५ पासूनची संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी पुण्यात वसतिगृहं चालवते. तिथला अर्ज वेगळा असतो आणि मुलाखतही होते, तेव्हा कागदपत्रं तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, तो आधी काढा.

तिला कुठला भाग जास्त आवडतो, घटना, निवडणुका की परराष्ट्र धोरण, ते विचारून इथेच लिहा. त्याप्रमाणे सुट्टीत वाचायला काय द्यायचं ते सांगते.