वाचकांचे प्रश्न : पुन्हा पुन्हा सैल होणारे नट-बोल्ट

प्रश्न : मी मोटारसायकलची चौकट स्वतः बदलून बांधली आणि तिला पावडर कोटिंग करून घेतले. फूटरेस्टच्या ब्रॅकेटचे आणि सायलेन्सरच्या पट्टीचे नट स्प्रिंग वॉशर घालून, लांब पान्याने जोर लावून आवळले, तरी ते सैल होतात. सगळीकडे थ्रेडलॉकर (आटे जागच्या जागी धरून ठेवणारा चिकट द्रव) लावावा का?

उत्तर : थ्रेडलॉकर लावण्याआधी तुम्ही ब्रॅकेटचा जोड तपासावा, कारण तुमच्या वर्णनावरून मूळ दोष तिथेच असावा असे वाटते. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांमधील घर्षणाची पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. हे सरकणे थोपवतो तो आवळल्यामुळे बोल्टमध्ये येणारा ताण. नटाखाली पावडर कोटिंगचा जाड थर असेल, तर तो दाबाखाली हळूहळू चेपतो आणि नट तसूभरही न फिरता हा ताण उतरतो. त्यामुळे नट-वॉशर टेकतात तेवढ्या जागेचे आणि ब्रॅकेट चौकटीला भिडते त्या पृष्ठभागाचे कोटिंग खरवडून धातू उघडा करा व गंज चढू नये म्हणून जोडाच्या कडा नंतर रंगाने झाका.

पाना लांब केल्याने नेमका ताण मिळत नाही. लावलेल्या जोरापैकी साधारण नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो, म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, हवाच. नेहमीचा स्प्रिंग वॉशर बोल्ट पुरता आवळण्याच्या कितीतरी आधीच सपाट होतो. अशा जोडात त्याच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी दातेरी जोडीचे वेज वॉशर (पाचरीसारख्या उतारांनी एकमेकांत अडकणारे दोन वॉशर) वापरावेत.

इतके करूनही शंका राहिली, तर फूटरेस्टसाठी मध्यम ताकदीचा, सहसा निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर पुरेसा आहे. तो हवेअभावी आणि धातूच्या संपर्कात घट्ट होतो. आटे तेलकट असतील तर तो धरत नाही आणि स्टेनलेस स्टीलवर त्याला वेळ लागतो. लाल रंगाचा सहसा तापवल्याशिवाय सुटत नाही, म्हणून वारंवार उघडायच्या जोडांना तो लावू नये. सायलेन्सरजवळ मात्र नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला नट) टाळा, कारण त्यातील नायलॉनची पकड सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पुढे भरवशाची राहत नाही. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट बसवावा.

शेवटी नट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे असे समजा. थ्रेडलॉकर लावलेला नट तसाच पुन्हा आवळू नका, कारण त्याने घट्ट झालेला थर तुटतो. नट उघडून, आटे पुसून, थ्रेडलॉकर नव्याने लावावा.