रात्री पाय खाटेखाली सोडून बसणारे आजोबा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीकडचे आजोबा, शुगर जुनी, विडी त्याहून जुनी. रात्री पाऊल दुखतं म्हणून झोपत नाहीत, खाटेच्या कडेला पाय लोंबते सोडून बसतात. पाऊल लालसर, थोडं सुजलेलं. वरच्या सिस्टर म्हणाल्या, सूज आहे, पाय उशीवर घे, क्रेप बँडेज बांध. आजोबा उशी ढकलून देतात. हट्टी आहेत की आपलंच काही चुकतंय?

आजोबा हट्टी नाहीत गं. पाय खाली सोडला की रक्त उतारानं बोटांपर्यंत पोचतं आणि तेवढ्यापुरती कळ कमी होते. उशीवर घेतला की आधीच तुटपुंजं असलेलं रक्त आणखी आटतं. सूज बहुतेक पाय रात्रभर लोंबता ठेवल्याची. अशुद्ध रक्ताच्या शिरांच्या दुखण्यात उशी आणि दाबपट्टी हेच औषध, म्हणून आपला हात सवयीनं तिकडं जातो. आजोबांच्या पायाची धमनी, म्हणजे शुद्ध रक्त नेणारी नळी, बहुधा अरुंद झाली आहे, आणि अशा पायाला मात्र तीच दोन्ही बाधतात. तेव्हा राउंडची वाट न बघता डॉक्टरांना आत्ता सांग, आणि बँडेज सोडून पाय नीट बघ.

रात्रीची कळ ही खूप पुढची पायरी. तिच्याआधी बरीच वर्षं पाय बोलत असतो, पण आपल्याला त्याची भाषा कळत नाही. आपल्याकडं पेशंट म्हणतो, 'पोटरी भरून येत्या', 'गोळा येतोय', 'पाय वडतोय'. कन्नड बोलणारा मीनखंड म्हणून पोटरीलाच हात लावून दाखवतो. 'जोमु' म्हणाला तर मुंग्या, बधिरपणा. यावर 'वात असेल, वयच झालं' म्हणून आपण मोकळे. त्याऐवजी दोनच गोष्टी विचार: किती चालल्यावर दुखतं, आणि नुसतं उभं राहिल्यावर किती वेळात थांबतं? ठरावीक अंतराला पोटरी धरते आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांच्या आत सुटते, तर संशय धमनीवर. मणक्याचं दुखणं असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. मी तर सरळ विचारते, 'खडे बाजारातनं जाताना किती ठिकाणी थांबता?' एका मावशींची तक्रार होती की आमचे हे प्रत्येक कट्ट्यावर गप्पा मारत बसतात. गप्पा कसल्या, त्यांना पुढं चालवतच नव्हतं.

एक फसगत लक्षात ठेव. जुन्या शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर असतात. असा माणूस दुखतंय म्हणून सांगणारच नाही, थेट काळं बोट घेऊन येईल. आणि जो घर ते अंगण एवढंच चालतो, त्याची पोटरी भरून येणार कधी?

तंबाखू नेमकी विचार. निपाणी-चिकोडी भागात 'तंबाखू आहे का' म्हटलं की लोक पिकाचं सांगायला लागतात! दिवसाला किती बंडल, किती वर्षं, असं विचारून केसपेपरवर लिही. पंचेचाळिशीच्या आतला विडीवाला, शुगर नाही, आणि पायाचं किंवा हाताचं बोट काळं पडतंय, असं दिसलं तर बर्गरचा आजार (तंबाखूमुळं हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात तो) डोक्यात येऊ दे. त्यात तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय बाकीच्या उपायांना फारसा अर्थ उरत नाही.

बघताना दोन्ही पाय शेजारी ठेवून बघ, बोटांच्या बेचक्या आणि टाचेसकट. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत नि ताणलेली, नखं जाड. आपल्या सावळ्या कातडीवर फिकेपणा चटकन दिसत नाही, म्हणून तळवा आणि नखाखालचा भाग बघ. हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली फिरव, गारवा कुठं सुरू होतो ते कळेल. जखमेची जागाही बोलते. बोटाच्या टोकाला, टाचेला, बाहेरच्या घोट्यावर, कोरडी, कडा कातरल्यासारख्या, तर धमनी. आतल्या घोट्याच्या वर, ओली, भोवती तपकिरी डाग, तर बहुधा शिरा. नवी कातडी चप्पल चावली आणि महिना झाला तरी जखम भरत नाही, असा पेशंट आपल्याकडं नवा नाही.

आजोबांच्या लाल पायाबद्दल: पाय मिनिट-दोन मिनिटं वर धर. लाली उतरून पाय पांढुरका पडला आणि खाली सोडल्यावर हळूहळू परत तांबडा झाला, तर ती रक्त कमी असल्याची खूण. जंतूंनी आलेली लाली अशी उतरत नाही. ही एवढी तपासणी न झाल्यामुळं नुसत्या अँटिबायोटिकवर आठवडे गेलेले मी पाहिलेत.

नाडी दोन जागी बघ. एक पावलावर, अंगठा वर उचलला की दोरीसारखा ताठ होणाऱ्या स्नायूबंधाच्या जरा बाहेर. दुसरी आतल्या घोट्याच्या मागं. अंगठ्यानं बघू नकोस आणि जोरात दाबू नकोस, नाहीतर स्वतःचीच नाडी मोजशील. शंका आली तर दुसऱ्या हातानं पेशंटचं मनगट धर, ठोके जुळायला हवेत. लागली की तिथं पेनानं फुली मार, रात्रपाळीची सिस्टर शोधत बसणार नाही. पावलावरची नाडी काही लोकांना जन्मतःच लागत नाही, म्हणून एकटीवर विसंबू नकोस.

माझी चूकही सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, एका शुगरच्या पेशंटचा पाय बर्फासारखा लागला म्हणून मी प्रेमानं गरम पाण्याची पिशवी लावली. त्यांना चटका कळलाच नाही. सकाळी फोड, पुढं जखम, शेवटी बोट गेलं. तेव्हापासून गार पायाला मी फक्त सैल सुती मोजे आणि पांघरूण देते.

पाय अचानक पांढरा, गार, नाडी बंद, भयंकर कळ, आणि बोटं हलेनाशी झाली तर ते वेगळं प्रकरण. रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. साधारण सहा तासांनंतर पाय वाचवणं अवघड होत जातं. चिकोडीहून किंवा खानापुराहून बेळगावला न्यायचं तर गाडीचा वेळही त्यातच धर, चोळत-मळत बसू नका.

तुमच्याकडं हातातला डॉप्लर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) असेल तर पेशंटला दहा मिनिटं आडवं झोपवून घोट्याजवळचा वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब काढ आणि त्याला दंडाच्या वरच्या रक्तदाबानं भाग. दंडावर 140 आणि घोट्यावर 84 आला तर 0.6. साधारण 1 ते 1.4 ठीक, 0.9 किंवा खाली म्हणजे धमनीचा आजार, 0.4 च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. आजोबांचा आकडा 1.4 च्या वर आला तर मात्र खूश होऊ नकोस. जुन्या शुगरमध्ये धमनीला चुना धरतो, बीपीच्या पट्ट्यानं ती दबतच नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. तसं झालं तर डॉक्टरांना पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब किंवा कलर डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करायचा का, ते विचार.