पाण्याचं विभाजन, विच्छेदन की अपघटन?

दृश्य प्रकाशात काम करणारा उत्प्रेरक वापरून पाण्यातून हायड्रोजन मिळवतात, त्या क्रियेला ‘जलविभाजन’ म्हणावं का, असा प्रश्न आला आहे.

मी म्हणणार नाही. ‘जलविभाजक’ हा भूगोलात रुळलेला शब्द आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस एका अंगाने कोकणात उतरतो, दुसऱ्या अंगाने कृष्णा-गोदावरीला मिळतो, म्हणून सह्याद्री जलविभाजक. तिथे पाण्याच्या वाटा दोन होतात, पाणी मात्र पाणीच राहतं. ‘जलविच्छेदन’ही नको. मराठी विश्वकोशातलं ‘जलीय विच्छेदन’ म्हणजे पाण्याने दुसऱ्या पदार्थाचे तुकडे पाडणं. इथे तुकडे पाण्याचेच पडतात. शाळेत आपण ‘पाण्याचं विद्युत अपघटन’ शिकलो, त्याच वळणाचं ‘पाण्याचं प्रकाश-उत्प्रेरकी अपघटन’ मला योग्य वाटतं.

शब्द लांबला तरी ‘उत्प्रेरकी’ गाळू नये. पाणी दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तर ते नितळ दिसतं. उन्हात ठेवलेल्या कळशीतलं पाणी तापेल, पण त्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे होणार नाहीत. प्रकाश झेलायचं काम उत्प्रेरकाचं.

‘दृश्य’ हे विशेषणही फार मोलाचं आहे. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं अपघटन दाखवलं, पण त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. घराच्या पांढऱ्या रंगात हीच पूड असते. पांढरी दिसते याचाच अर्थ दृश्य प्रकाश ती परतवते. 2006 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांच्या गटाने गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड यांचं घन द्रावण, म्हणजे दोन्ही एकाच स्फटिकात मिसळलेला घन पदार्थ, वापरलं. सुटे असताना हे दोन्ही पदार्थ दृश्य प्रकाश शोषत नाहीत. एकत्र आले की पूड पिवळी होते, म्हणजे निळा प्रकाश शोषू लागते. तिच्यावर धातू-ऑक्साइडचे बारीक कण बसवले आणि दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन दोन्ही निघाले.

लिहिताना ‘दृश्यप्रकाश-उत्प्रेरक’ असं जोडून लिहा. ‘दृश्य प्रकाश-उत्प्रेरक’ लिहिलं तर उत्प्रेरकच दृश्य ठरतो.

हायड्रोजनला ‘उदजन’ म्हणावं का, हेही विचारलं आहे. रोजच्या लेखनात हायड्रोजनच ठेवा. तरी ‘उदजन’ मला फार आवडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने हायड्रोजन हे नाव दिलं ते ‘पाणी जन्माला घालणारा’ या अर्थाने. ‘उदजन’चा विग्रह मात्र ‘उदकातून जन्मलेला’ असाही होतो, आणि या क्रियेत तो अक्षरशः तसाच जन्मतो.