उझबेकमध्ये 'ऑलमॉक' म्हणजे 'घेणे', मग 'जाऊ शकत नाही' मध्ये ते काय करतंय?

तुमचा प्रश्न असा की डिक्शनरीत ऑलमॉक म्हणजे घेणे दिलंय, मग 'बॉरा ऑलमायमन' म्हणजे 'मी जाऊ शकत नाही' कसं, यात कोण काय घेतंय? अहो मी ताश्कंदला दोन वर्षं होतो, पहिले सहा महिने याच क्रियापदाने वैताग आणला होता.

आधी सोपं बघा, मराठी असाल तर हे फुकटात मिळतं. यॉझिब म्हणजे लिहून, ऑल्दिम म्हणजे घेतलं. यॉझिब ऑल्दिम, लिहून घेतलं! झालं. आणि विकत घेणे? सॉतिब ऑलमॉक. सॉत म्हणजे विकणे. म्हणजे 'विकून घेणे', आपल्या 'विकत घेणे'सारखंच उलटंसुलटं, इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे रट्टा मारून पाठ करावं लागायचं आणि मी आपला मनात हसायचो. ऑलिब केल म्हणजे घेऊन ये, फक्त बोलताना त्याचं 'ऑपके' होतं, आपण नाही का 'घेऊन्ये' म्हणतो.

आता तुमची अडचण. आधीच्या क्रियापदाला 'इब' लागलं तर 'घेणे', पण 'आ' लागला (शेवट स्वराने होत असेल तर 'य') की तेच ऑलमॉक 'शकणे' होतं. यॉझा ऑलामन, लिहू शकतो. ओकिय ऑलामन, वाचू शकतो. नकार कायम ऑलमॉकलाच लावायचा, पहिल्याला नाही. आणि रस्त्यावर हे सुटं ऐकू येणारच नाही, बॉरॉलमायमन असं एका दमात येतं, त्यामुळे कान आधी त्याला लावा. पुस्तकात याला 'कोमाक्ची फेल' म्हणजे मदतनीस क्रियापद म्हणतात, फेल बघून घाबरू नका, अरबीतून आलेला शब्द आहे.

मी काय केलं होतं माहितीये, क्लासमध्ये मॅडम फार पटपट बोलत होत्या, वही कोरी का विचारलं तर म्हणायचं होतं यॉझा ऑलमादिम, लिहिता आलं नाही, आणि मी म्हणालो यॉझिब ऑलमादिम. म्हणजे लिहून घेतलं नाही, बस. वर हसत म्हणालो. मॅडमचा चेहरा काय झाला असेल बघा.

अजून एक, सफरचंदाला ऑल्मा म्हणतात आणि 'घेऊ नको' पण ऑल्माच, फळात जोर शेवटच्या 'मा'वर, नकारात 'ऑल'वर. ताश्कंदच्या चॉर्सू बाजारात जपून.